झाडाची जखम : एक प्रस्तावना

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक करंज आहे. त्याच्या खोडावर, माणसाच्या छातीच्या उंचीला, एक आडवा वळ आहे. त्यावरून बोट फिरवलं तर सालीच्या दोन ओठांमध्ये गंजलेली तार लागते. कधीतरी कुणीतरी फलक बांधायला ती गुंडाळली असणार. फलक गेला, तार राहिली. झाड जाड होत गेलं आणि तार आत रुतत गेली. आज तारेच्या वर खोड फुगलेलं दिसतं आणि तारेखाली ते बारीक राहिलेलं आहे. पानं हिरवी आहेत, चैत्रात फुलंही येतात, म्हणून रोज शेजारून जाणाऱ्या शेकडो माणसांना हे झाड धडधाकट वाटतं. खरं तर ते कित्येक वर्षं गळफास घेऊन उभं आहे.

लावलेलं झाड दुखावलं तर काय करावं, हे सांगण्यासाठी ही पुस्तिका आहे. रोप कसं लावावं, आळं कसं करावं, कलम कसं बांधावं, यावर मराठीत भरपूर लिहिलं गेलं आहे. पावसाळा आला की वृक्षारोपणाचे कार्यक्रमही होतात. पण लावणं हा एका दिवसाचा उत्सव असतो आणि राखणं हे पन्नास वर्षांचं काम. त्या पन्नास वर्षांत झाडाला कोयता लागतो, टेम्पोचा धक्का बसतो, गुरं साल खातात, किडा खोड पोखरतो, बुडाशी कचरा पेटतो. अशा वेळी आपण कळवळून काहीतरी लावतो. कुणी शेण लावतं, कुणी डांबर, कुणी ऑइलपेंट. हेतू चांगला असतो, पण झाड स्वतः काय करतं हे ठाऊक नसेल तर चांगल्या हेतूनंही अपाय होतो.

म्हणून आधी साल म्हणजे काय ते पाहू. बाहेरची खरबरीत, भेगाळलेली साल मेलेली असते. ऊन, आग आणि किडीपासून वाचवणारा तो अंगरखा. तिच्या आत ओलसर, जिवंत अंतरसाल असते. पानांनी तयार केलेली साखर याच वाटेनं मुळांपर्यंत उतरते. अंतरसालीच्या आत, लाकडाला चिकटून, एक अतिशय पातळ थर असतो. वनस्पतिशास्त्रात त्याला ऊतककर म्हणतात. झाडाची सगळी जाडी हाच थर घडवतो. आतल्या अंगाला तो लाकूड घालतो, बाहेरच्या अंगाला साल. मुळांनी उचललेलं पाणी लाकडातून वर चढतं. थोडक्यात, पाण्याची वर जाणारी वाट लाकडात आणि अन्नाची खाली येणारी वाट सालीत.

आता करंजाचं फुगलेलं खोड समजतं. तारेनं अन्नाची वाट आवळली. वरून आलेलं अन्न तिथंच अडलं, त्यानं वरचा भाग पोसला, आणि खालच्या भागाची व मुळांची उपासमार झाली. सतराव्या शतकात इटलीतल्या मार्चेल्लो माल्पिघी यांनी खोडावरून सालीचं कडं काढून नेमका हाच प्रयोग केला होता. त्यांनाही कड्याच्या वर सूज दिसली. पूर्ण कडं काढलेलं झाड लगेच वाळत नाही, कारण पाणी लाकडातून येतच राहतं. पानं काही आठवडे, कधी काही महिने हिरवी राहतात. मुळांतला साठा संपतो तेव्हा झाड खालून मरतं. झाड गुपचूप मारायला निघालेल्यांना हे चांगलं माहीत असतं. राखणाऱ्यांना ते त्याहून चांगलं माहीत असायला हवं.

कलमं बांधणारा माळी हे ज्ञान हातातच बाळगतो. संत्र्याचा डोळा भरताना तो आधी खुंटाची साल सुटते का ते बघतो. साल सुटते म्हणजे ऊतककर जागा आहे, नव्या पेशी बनताहेत, आणि भरलेला डोळा धरेल. जखम जुळण्याचा काळ आणि कलम जुळण्याचा काळ एकच असतो, कारण दोन्ही कामं एकच थर करतो. ऐन वाढीच्या दिवसांत झालेली जखम लवकर मिटायला लागते. झाड विसाव्यात असताना झालेली जखम बराच काळ उघडी राहते.

पण ‘जखम भरली’ हा शब्द आपण माणसावरून झाडाला लावतो, आणि आपली मोठी चूक तिथंच होते. आपल्या बोटाला कापलं तर मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी येतात. झाडाकडे ही सोय नाही. त्याचं एकदा उघडं पडलेलं, वाळलेलं, कुजलेलं लाकूड पुन्हा कधीही ताजं होत नाही. मग ते करतं काय? याचं उत्तर अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी दिलं. त्यांच्याआधी बहुतेक अभ्यासक खोड आडवं कापून बघत. शिगो यांनी यांत्रिक करवतीनं हजारो झाडं उभी चिरली आणि जखमेपासून कूज कुठवर जाते, कुठे थांबते, हे पाहिलं. १९७७ मध्ये त्यांनी ते सविस्तर मांडलं. झाड जखमेला बरं करत नाही, ते तिला कोंडतं. जखमेच्या वर-खाली ते पाण्याच्या नळ्या बुजवतं, आतल्या बाजूला वाढीच्या वलयांचा आणि दोन्ही कडांना किरणपेशींचा बांध घालतं. चौथी भिंत सगळ्यांत भक्कम असते. ती ऊतककर जखमेनंतर उभारतो, आणि जखमेच्या दिवशी असलेलं लाकूड व त्यानंतर तयार होणारं लाकूड यांच्यामध्ये ती कायमची राहते. वर-खालची भिंत सर्वांत कच्ची, म्हणून कूज खोडात उभी पसरते. चौथी भिंत शाबूत राहिली तर झाड जुन्या कुजलेल्या भागाभोवती नवं, निरोगी लाकूड घालत राहतं. जखमेच्या कडेनं जी गुबगुबीत वळी आत सरकताना दिसते, ती या नव्या वाढीची.

या एका गोष्टीवर पुस्तिकेतला सगळा सल्ला उभा आहे. झाड स्वतःचा बांध स्वतः घालतं. आपण तो फोडू नये, त्याला तो घालायला बळ द्यावं, आणि नवी जखम होऊ देऊ नये. औषधाचा क्रमांक यानंतर येतो.

जखमी झाडाला लेप लावण्याची परंपरा आपल्याकडे फार जुनी आहे. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातल्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदावर स्वतंत्र अध्याय आहे. रोगट झाडाचा भाग आधी शस्त्रानं साफ करावा, मग वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यावा, आणि दूध घातलेलं पाणी द्यावं, असं तो सांगतो. सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेद’ या ग्रंथात झाडाच्या व्याधींचा विचार माणसाप्रमाणेच वात, पित्त आणि कफ यांच्या अंगानं केला आहे. त्याचं हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात जपलं गेलं आणि नलिनी साधले यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. शेणाचा लेप ही फक्त आपली रीत आहे असं मात्र कुणी समजू नये. इंग्लंडच्या राजाचा बागप्रमुख विल्यम फोर्सिथ यानं १७९१ मध्ये झाडांच्या जखमांवर पुस्तक लिहिलं. त्याच्या लेपात ताजं शेण, जुन्या इमारतींचा चुना, लाकडाची राख आणि वाळू होती. त्याला त्यासाठी सरकारी बक्षीस मिळालं, आणि पुढे टॉमस अँड्र्यू नाइट या बागतज्ज्ञानं त्याच्या दाव्यांवर जाहीर हरकतही घेतली.

या जुन्या माणसांची थट्टा करणं सोपं आहे, पण ती चूक ठरेल. त्यांच्यात एक गोष्ट समान आहे आणि ती आजही खरी आहे. आधी धारदार शस्त्रानं साफ करा, मग बाकीचं. फाटलेल्या, लोंबणाऱ्या, चिंध्या झालेल्या सालीखाली पाणी साचतं आणि किडा घर करतो. स्वच्छ कापलेली कडा लवकर वळते. लेपामुळे कूज थांबते हा भाग मात्र आधुनिक प्रयोगांत टिकला नाही. डांबर आणि तेलरंग यांचा थर काही महिन्यांत तडकतो, तड्यांतून पाणी आत शिरतं आणि थराखालीच कोंडून राहतं. बुरशीला याहून सोयीची जागा नाही. हे मी स्वतःच्या हातानं केलेलं आहे. आमच्या परसातल्या आंब्याची फांदी वादळात मोडली तेव्हा मी खोडालगत सफाईनं कापली आणि वर डांबराचा जाड हात दिला. तीन पावसाळ्यांनी तो काळा पापुद्रा नखानं उचलला, तर खाली लाकूड भिजलेल्या बिस्किटासारखं झालं होतं. खोडालगत कापण्याची ती सफाईसुद्धा चुकीचीच होती. फांदी खोडातून निघते तिथं बुडाशी एक फुगीर वळी असते. कूज अडवण्याची खास सोय त्या वळीतच असते. कापायचं ते तिच्या बाहेरून, तिला धक्का न लावता, आणि खुंटही न ठेवता.

लेप सरसकट वर्ज्य आहे असा याचा अर्थ नाही. रोग नक्की ठाऊक असेल आणि त्यावरचं औषध नक्की ठाऊक असेल, तिथं तो हवाच. विदर्भातल्या संत्र्याचा डिंक्या घ्या. बुंध्याजवळची साल तपकिरी पडते, तिला चिरा जातात, चिरांतून डिंक ओघळतो. फायटोफ्थोरा नावाच्या रोगकारकामुळे होणारा हा रोग मातीतून आणि साचलेल्या पाण्यातून येतो. बागायतदार सडलेली साल धारदार चाकूनं निरोगी भाग दिसेपर्यंत खरवडतात, जखम पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यानं धुतात आणि बोर्डो पेस्ट लावतात. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी, हे तिचं नेहमीचं माप. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर ती बुंध्याला सुमारे मीटरभर उंचीपर्यंत लावायची रीत आहे. पण पेस्टच्या भरवशावर पाणी बुंध्याला लागू दिलं तर डिंक्या परत येतो. म्हणून दुहेरी आळं करायचं, पाणी बाहेरच्या आळ्यात सोडायचं, आणि रोप लावताना डोळ्याचा जोड जमिनीच्या बराच वर ठेवायचा.

कोकणातल्या हापूसची गोष्ट वेगळी. तिथला शत्रू भिरूड. हा भुंगेरा सालीच्या भेगांत आणि जखमांत अंडी घालतो, अळी खोडात बोगदे करते. बुंध्याशी भुसा पडलेला दिसला की जाणता माणूस छिद्र शोधतो, तारेचा आकडा आत घालून अळी बाहेर ओढतो, कृषी विद्यापीठानं शिफारस केलेलं कीटकनाशक आत सोडतो आणि छिद्र चिखलानं लिंपतो. इथं चिखल अगदी योग्य ठिकाणी वापरलेला आहे. आत कोंडायचं काय आणि का, हे त्या माणसाला ठाऊक असतं.

ताज्या जखमेचा एक प्रसंग सांगतो, कारण तिथं वेळेला सर्वांत जास्त किंमत असते. जूनमधल्या एका सकाळी मागे येणाऱ्या टेम्पोनं रस्त्याकडेच्या तरुण कडुलिंबाची हातभर लांबीची साल सोलून काढली. ती वरच्या टोकाला चिकटून लोंबत होती, आतून ओली आणि बुळबुळीत. तो बुळबुळीतपणा म्हणजेच जिवंत ऊतककर, त्याला बोट लावायचं नाही. पाण्याची धार सोडून धूळ तेवढी घालवली, साल जागच्या जागी बसवली, वरून ओलं गोणपाट गुंडाळलं आणि सुतळीनं घट्ट बांधलं. रोज थोडं पाणी शिंपडलं. दोन आठवड्यांनी सोडून पाहिलं. सालीचा वरचा बराचसा भाग नखानं खरवडल्यावर हिरवा निघाला. खालची कडा काळी पडली होती, ती चाकूनं गोलसर कापून टाकली. पुढच्या पावसाळ्यात दोन्ही बाजूंनी वळी आत यायला लागली होती. त्या सकाळी कुणी संध्याकाळपर्यंत थांबलं असतं तर साल वाळली असती आणि बांधून उपयोग झाला नसता. आणि सुतळी वेळेवर सोडली नसती तर त्या कडुलिंबाचाही करंज झाला असता.

साल किती गेली यावरून झाडाचं भवितव्य ढोबळपणे सांगता येतं. खोडाच्या घेराच्या पावभागापेक्षा कमी साल गेली असेल तर झाड सहसा सावरतं. निम्मा घेर गेला असेल तर काळजीचं आहे. पूर्ण कडं गेलं असेल तर अन्नाची वाट तुटली, आणि ती हातानं जोडावी लागते. त्याच झाडाच्या कोवळ्या काड्या जखमेच्या वरच्या आणि खालच्या सालीत खोचून पूल बांधता येतो. बुंधाच सडला असेल तर शेजारी त्याच जातीची रोपं लावून त्यांचे शेंडे जखमेच्या वर भेट कलमानं जोडता येतात. म्हातारं झाड मग तरुण मुळांवर उभं राहतं. नारळ-सुपारीला मात्र हे काहीच लागू नाही. त्यांच्या खोडात ऊतककराचा असा थरच नसतो, त्यामुळे माडावर पडलेली खाच माड असेपर्यंत तशीच राहते. तिथं उपचार म्हणजे फक्त जपणूक.

काही जखमांना हात न लावणं हाच उपचार असतो. जुन्या झाडाची ढोली ही त्यातली. गाभा पोकळ झाला तरी जिवंत थर बाहेरच्या अंगाला असतो, आणि असं झाड कित्येक दशकं उभं राहू शकतं. एकेकाळी ढोली सिमेंटनं भरायची पद्धत होती. झाड वाऱ्यात डोलतं, सिमेंट डोलत नाही. मधल्या फटीत ओल साचते, आणि ढोली साफ करताना खरवडल्यामुळे झाडानं घातलेला बांधच फुटतो. शिवाय धनेशाला, पिंगळ्याला, पोपटाला घर याच ढोलीत मिळतं. ढोली असलेलं झाड रस्त्यावर पडण्याचा धोका आहे का, हे जाणकाराकडून तपासून घ्यावं. धोका नसेल तर ढोली तिच्या धन्यांकडे राहू द्यावी.

वडाची तर गोष्टच निराळी. हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाला १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांनी जखमा केल्या, बुरशी मुख्य खोडात शिरली, आणि अखेर १९२५ मध्ये ते खोड काढून टाकावं लागलं. वड आजही पारंब्यांच्या आधारावर पसरतो आहे. आपल्या गावातला वड एका अंगानं खचत असेल तर त्या बाजूची पारंबी मातीनं भरलेल्या बांबूतून जमिनीपर्यंत उतरवता येते. सणाला वडाच्या फांद्या तोडून घरी नेण्यापेक्षा एक पारंबी जमिनीला टेकवणं, ही मला वडाची खरी पूजा वाटते.

झाडांच्या बहुतेक जखमा मात्र ना किडीच्या असतात, ना वादळाच्या. त्या आपल्या असतात. जाहिरातीचा खिळा, दिव्यांच्या माळेची तार, बुंध्यापर्यंत ओतलेलं काँक्रीट, रुंदीकरणात जेसीबीनं तोडलेली मुळं, नंबर रंगवण्यासाठी तासलेली साल, आणि झाड मोठं झाल्यावरही न काढलेला लोखंडी पिंजरा. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ पासून कायदा आहे, आणि झाड तोडणं या शब्दात झाडाला इजा करणंही त्यानं धरलं आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरील झाडांना वारशाचा दर्जा दिला. बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढावं, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं २०१३ मध्ये दिल्लीच्या झाडांबाबत दिला होता. पुण्यात तरुणांनी खिळेमुक्त झाडांची मोहीम उभी केली, पक्कड आणि हातोडी घेऊन ते रस्त्यावर उतरले. कायदा असला तरी खिळा उपटायला शेवटी कुणाचा तरी हात लागतो.

औषधासाठी साल काढणाऱ्यांनाही एक विनंती. अर्जुन, अशोक यांची साल लागते, हे मान्य. पण सालीचं कडं कधीही काढू नये. एका बाजूची अरुंद, उभी पट्टी घ्यावी, आणि ती जागा मिटेपर्यंत त्या झाडाकडे परत जाऊ नये. पोर्तुगालमध्ये बुचाच्या ओकची बाहेरची साल दर नऊ वर्षांनी काढतात आणि झाड पिढ्यान्‌पिढ्या जगतं, कारण आतल्या जिवंत सालीला कुऱ्हाड लागू नये म्हणून तिथला कामगार जिवापाड जपतो. सह्याद्रीतल्या अशोकाच्या वाट्याला ही काळजी आली नाही, म्हणून तो आता जंगलात शोधावा लागतो.

पुढच्या प्रकरणांत जखमांचे प्रकार, हत्यारं आणि त्यांची स्वच्छता, छाटणीची पद्धत, फळझाडांचे रोग, पूल-कलमाच्या पायऱ्या आणि शहरातल्या झाडांचे प्रश्न अशा क्रमानं माहिती दिली आहे. घाईत असलेल्या वाचकानं ताज्या जखमेचं प्रकरण आधी वाचावं, कारण तिथं तास मोजावे लागतात. बाकीचं निवांत वाचलं तरी चालेल. पुस्तिकेत मी औषधं कमी आणि निरीक्षण जास्त सांगितलं आहे, तेही जाणूनबुजून. जखमेच्या कडेची वळी दर पावसाळ्यानंतर किती सरकली, हे बोटानं मोजणारा माणूस बाटलीभर औषध ओतणाऱ्यापेक्षा झाडाच्या जास्त उपयोगी पडतो.

मी ज्यांच्याकडून शिकलो त्या माळ्यांनी, कलमवाल्यांनी आणि बागायतदारांनी हे कुठे लिहून ठेवलं नाही. त्यांच्या हातातलं ज्ञान कागदावर उतरवताना काही चुकलं असेल तर ती चूक माझी.

वाचकाला एकच मागणं आहे. ही पुस्तिका मिटल्यावर घराजवळच्या एका झाडापाशी जा आणि त्याच्या खोडावरून सावकाश हात फिरवा. तार लागली तर कापा. बाहेर आलेला खिळा हलकेच उपटा. सालीत खोल रुतलेली तार मात्र ओढून काढू नका, जिथं सुटी दिसते तिथं तोडून बाकीची झाडावर सोपवा. पिंजरा आवळत असेल तर तो उघडा. एवढं करायला झाडांची फार माहिती लागत नाही. पक्कड लागते आणि अर्धा तास लागतो.